समान सूत्र, असमान माणसे

सहावी ते आठवीच्या मुलांना दोन पाठांची तुलना करायला सांगतात. ‘दोन्ही पाठांतील समान आशय स्पष्ट करा’ या धर्तीचा प्रश्न असतो आणि उत्तर ठरलेले असते: दोन्ही लेखकांनी माणुसकीचा संदेश दिला आहे. मार्गदर्शकात हेच, वहीत हेच, परीक्षेतही हेच. ही मुले पुढे पदवीच्या वर्गात माझ्यासमोर बसतात, तेव्हा कोणत्याही दोन कवितांविषयी हेच वाक्य लिहितात. मीही असाच शिकलो. आमच्या घरातली पहिली पदवी माझी; ती अशा पाठ केलेल्या वाक्यांच्या बळावर मिळाली, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारी मी सातवी-आठवीच्या मुलांना तुलनात्मक निबंध शिकवू लागलो. दोन मजकूर शेजारी ठेवले. एक, साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मधले ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण. दुसरा, मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध. तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता तेव्हा चौदा वर्षांची होती, म्हणजे माझ्या आठवीतल्या मुलींएवढी. निबंध कसा लिहावा हे शिकवताना आपण या मुलीला विसरतो, ही साधी चूक नव्हे.

सातवीतल्या एका मुलीने पहिल्या खेपेस लिहिले: दोन्ही पाठांत अस्पृश्यता वाईट आहे असे सांगितले आहे. चूक काहीच नाही. पण हाती काय लागले? अस्पृश्यता हा विषय झाला. विषय एका शब्दात सांगता येतो. आशयसूत्र सांगायला पूर्ण वाक्य लागते, आणि त्या वाक्यात लेखकाची बाजू दिसावी लागते. मी मुलांना तीन प्रश्न दिले. कोण सांगत आहे? कुणाला सांगत आहे? आणि सांगून झाल्यावर काय बदलावे अशी त्याची अपेक्षा आहे?

या प्रश्नांनी दोन्ही मजकूर वेगळे झाले. श्यामची आई म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला मुलाला पाठवते आणि परत आल्यावर आंघोळ करायला सांगते. ती करुणा खरी आहे. त्या काळात त्या घरातून तेवढे पाऊल पडणेही सोपे नव्हते. पण कथा श्यामवरच्या संस्काराची आहे, म्हातारीच्या आयुष्याची नाही. मुक्ता मात्र पेशवाईतल्या छळाचा हिशोब मांडते, बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांविषयी लिहिते, आणि आमचा धर्म कोणता, असे थेट देवालाच विचारते. शेवटी ती आपल्याच लोकांना शिकायला सांगते.

त्या मुलीने दुसऱ्या खेपेस लिहिले: श्यामच्या आईने मोळी उचलून द्यायला लावली, मुक्ताने विचारले, मोळी आमच्याच डोक्यावर का? वाक्य ऐकून मी हरखलो. तरी तिला म्हणालो, बाई, मुक्ताच्या निबंधात मोळी कुठे आहे? दाखव. ती चिडली, पण पुन्हा वाचून आली आणि मोळीच्या जागी बाळंतिणीचा पुरावा घातला. संताप आपला असतो, पुरावा मजकुरातून द्यावा लागतो. ही शिस्त आपल्या मुलांना लागली, तर त्यांचा निबंध कुणी ‘भावनाप्रधान’ म्हणून बाजूला सारू शकणार नाही.

दुसरा प्रसंग आमच्यावरच उलटला. महारही ब्राह्मणांचे सोवळे अर्धे उचलून स्वतःला मांगांहून उच्च समजतात, असेही मुक्ताने लिहून ठेवले आहे. आमच्या अभ्यासिकेत बौद्ध मुले आहेत, तशी मातंगही आहेत. एका बौद्ध मुलाने तो भाग निबंधातून गाळला. विचारले तर म्हणाला, ‘सर, हे आपल्याविरुद्ध जातंय.’ क्षणभर मलाही वाटले, जाऊ द्यावे. मग जाणवले, की पाठ्यपुस्तकाने आंघोळीवरून डोळे फिरवावेत आणि आम्ही या ओळीवरून, यात फरक तो काय? शेजारी बसलेल्या मातंग मित्राला तो निबंध वाचून दाखवायचा आहे, एवढेच मी सांगितले. त्याने तो भाग पुन्हा घेतला.

साने गुरुजींना खाली पाडावे यासाठी हा खटाटोप नाही. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले, हेही मुलांना सांगितलेच पाहिजे. माझे म्हणणे मर्यादित आहे. वर्गात मोळी उचलून देणाऱ्याचा मुलगा आणि मोळी वाहणारीची नात एकाच बाकावर बसतात. ‘समान आशय’ लिहा म्हणताना आपण त्या नातीला तिची जागा विसरून मग लिहायला सांगतो. प्रस्थापित समीक्षेने मोठ्यांच्या साहित्यात ‘वैश्विकते’च्या नावाने जे केले, तेच इथे पाच गुणांसाठी होते.

अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना एक विनंती. मार्गदर्शकाचे वाक्य काढून तिथे आपले विद्रोही वाक्य पाठ करून घेऊ नका. तोही मार्गदर्शकच होईल. दोन मजकूर द्या, तीन प्रश्न द्या, पुरावा मागा आणि मुलाने काढलेला निष्कर्ष आपल्याला टोचला तरी तो लिहू द्या.