दिग्दर्शिका की आई? : कोल्हापूरहून गेलेल्या दोन नायिकांचा अर्धा इतिहास

कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचा इतिहास आपण पुरुषांच्या नावांनी पाठ केला आहे. बाबूराव पेंटर, दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, भालजी पेंढारकर, मास्टर विनायक. बायकांची नावे येतात ती भूमिकांच्या जोडीने. अमुक चित्रपटात तमुक नायिका, एवढ्यावर त्यांचे प्रकरण मिटते. या सवयीमुळे एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून निसटली आहे. मास्टर विनायकांच्या दिग्दर्शनाखाली कोल्हापूरच्या चित्रसंस्थांत काम केलेल्या दोन नायिका पुढे स्वतः दिग्दर्शिका झाल्या.

पहिल्या शोभना समर्थ. कोल्हापूर सिनेटोनच्या 'विलासी ईश्वर' (१९३५) या चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या. दुसऱ्या लीला चिटणीस. हंस पिक्चर्सच्या 'छाया' (१९३६) या चित्रपटात त्यांनी काम केले. वि. स. खांडेकरांच्या लेखणीचा पडद्याशी संबंध जुळला तो याच चित्रपटाने. शोभनाबाईंनी पुढे 'हमारी बेटी' (१९५०) आणि 'छबिली' (१९६०) हे चित्रपट दिग्दर्शित केले, तर लीलाबाईंनी 'आज की बात' (१९५५). हिंदुस्थानात फात्मा बेगम यांनी १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला होता, तेव्हा पहिलेपणाचा मान या दोघींकडे जात नाही. पण मराठी घरातून येऊन, बोलपटाच्या काळात, दिग्दर्शनाची जबाबदारी घेणाऱ्या अगदी मोजक्या स्त्रियांत त्या आहेत. असे असूनही आपण त्यांना ओळखतो ते आई म्हणून.

लीलाबाई पडद्यावरच्या आई. 'शहीद' (१९४८), 'आवारा' (१९५१), 'गंगा जमना' (१९६१), 'गाइड' (१९६५) या चित्रपटांनी त्यांची सोशिक, डोळ्याला पदर लावणारी मूर्ती कायम केली. 'कंगन', 'बंधन' आणि 'झूला' या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांत अशोककुमारांसमोर उभी राहिलेली, पदवीधर म्हणून जाहिरातीत गाजवली गेलेली, लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी या मूर्तीखाली झाकून गेली. दिग्दर्शिका तर त्याहून खोल गेली. शोभनाबाई प्रत्यक्षातल्या आई. 'हमारी बेटी'तून त्यांनी नूतनला पुढे आणले आणि 'छबिली'तून तनुजाला नायिका केले. म्हणून हे दोन्ही चित्रपट आपण 'लेकींसाठी केलेली धडपड' या खात्यावर मांडून मोकळे झालो.

माझी हरकत नेमकी इथे आहे. व्ही. शांताराम यांनी 'गीत गाया पत्थरों ने' (१९६४) मध्ये आपल्या मुलीला, राजश्रीला, नायिका केले. राज कपूर यांनी 'बॉबी' (१९७३) मध्ये ऋषीला नायक केले. या चित्रपटांना कोणी 'बापाची माया' म्हणत नाही. त्यांची चर्चा चौकट, संगीत, छायाचित्रण आणि दिग्दर्शकाच्या कारकिर्दीतला टप्पा अशा भाषेत होते. काम तेच, नातेही तेच. मग पुरुषाने केले तर ते दिग्दर्शन आणि बाईने केले तर वात्सल्य, असा हिशेब कोणत्या समीक्षेत बसतो? शोभनाबाईंनी 'छबिली'त नूतनकडून गाणे गाऊन घेतले, स्नेहल भाटकरांकडे संगीत सोपवले. हे दिग्दर्शकीय निर्णयच आहेत. त्यांचे मोल कमी ठरवा किंवा जास्त, पण ते त्या मापानेच ठरवा.

या दोघींना मी थोर दिग्दर्शिका ठरवू पाहत नाही. तीन चित्रपटांवर थोरवीचा इमला उभा राहत नाही, आणि विसरलेल्या व्यक्तीला भरपाई म्हणून मोठेपणा देणे हीसुद्धा एक प्रकारची अप्रामाणिकताच. प्रश्न असा, की हे चित्रपट तीनच का?

तुलनेसाठी दूरचे एक उदाहरण घेतो. नॉर्वेतील पहिली स्त्री-दिग्दर्शक एडिथ कार्लमार (१९११–२००३) आपल्या लीलाबाईंच्याच पिढीची. तीही आधी रंगभूमीवरची नटी. तिचा पहिला चित्रपट १९४९ सालचा, म्हणजे 'हमारी बेटी'च्या आदल्या वर्षीचा. त्यानंतर १९५९ पर्यंत तिने दहा चित्रपट केले, आणि शेवटच्या चित्रपटात लिव्ह उलमान या तरुण मुलीला पहिली प्रमुख भूमिका दिली. कार्लमारजवळ वेगळे काय होते? पती ओटो याच्यासह चालवलेली स्वतःची चित्रसंस्था होती आणि कामातले सातत्य होते. एक चित्रपट संपला की पुढचा सुरू. दिग्दर्शन हे असेच शिकायचे काम आहे. पहिल्या चित्रपटातली चूक सुधारायला दुसरा चित्रपट लागतो.

आपल्याकडे हे सातत्य स्टुडिओ देत असे. महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम काय शिकले? नेपथ्य उभारणे, कॅमेरा हाताळणे, फिल्म धुणे, पडेल ते काम करणे. कोणत्याही विद्यालयाशिवाय, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली उमेदवारी करून ही मंडळी घडली. १९२९ साली त्यांनी प्रभात काढली ती याच शिदोरीवर. मीही पदव्यांच्या वाटेने न जाता वाचत, विचारत शिकलेला माणूस, म्हणून या परंपरेविषयी मला मोठा आदर आहे. पण ती उमेदवारी मुलग्यांसाठी होती, हे आदरापोटी लपवता येत नाही. नायिकेचा वावर कॅमेऱ्यासमोर. कॅमेऱ्याच्या मागे काय चालते ते तिने समोरून पाहून टिपायचे.

या दोघींनी ते टिपले. पण दिग्दर्शन हाती घेईपर्यंत स्टुडिओची व्यवस्थाच मोडकळीला आली होती. युद्धानंतर सूत्रे सावकाराच्या आणि बड्या नटांच्या हाती गेली. विनायक १९४७ मध्ये गेले, १९५३ मध्ये प्रभात थांबली. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात चित्रपटांना अर्थसाहाय्य करणारी संस्था हवी असे सुचवले. ती संस्था, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन, निघाली १९६० साली. 'छबिली' याच वर्षीचा. म्हणजे जुना आधार तुटला होता आणि नवा यायचा होता, नेमक्या त्या दहा वर्षांत या दोघींचे दिग्दर्शन सापडले. पुढे सई परांजपे आल्या त्या आकाशवाणी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि दूरदर्शनच्या वाटेने. सुमित्रा भावे आल्या त्या सामाजिक संशोधनातून, 'बाई' (१९८५) हा लघुपट घेऊन. दोघींच्या पाठीशी नटीपणाबाहेरचे काही अनुभव होते आणि शिकायला दुसरी दारे होती. त्यांची कारकीर्द लांबली यात त्यांच्या प्रतिभेचा वाटा आहेच, पण या दारांचाही आहे.

वाचक म्हणून आपलाही एक दोष सांगायला हवा. नट्यांच्या आत्मकथनांच्या बाबतीत मराठी संपन्न आहे. शांता आपटे यांचे 'जाऊ मी सिनेमात?' (१९४०), हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०), लीलाबाईंचे 'चंदेरी दुनियेत' (१९८१), दुर्गाबाईंचे 'मी, दुर्गा खोटे' (१९८२). ही पुस्तके आपण आवडीने वाचली, पण बहुतेक वेळा 'बाईचे भोग' म्हणून वाचली. लग्न, घटस्फोट, मुले, पैसा, फसवणूक यांवर आपले लक्ष खिळते. या पुस्तकांकडे व्यवसायाचे दस्तऐवज म्हणून पाहिले, करार, मेहनताना, संस्थांतले अधिकार यांच्या नोंदी वेगळ्या काढल्या, तर बोलपटाच्या इतिहासाचे एक निराळेच प्रकरण हाती लागेल. शांताबाईंचे पुस्तक तर उघड उघड या धंद्याचीच चिकित्सा आहे.

शोभनाबाई २००० साली गेल्या. लीलाबाई २००३ मध्ये अमेरिकेत वारल्या, कार्लमार गेली त्याच वर्षी. आपल्याकडच्या दोघींची आठवण निघाली की एकीची 'रामराज्य'मधली सीता आठवते, दुसरीची अश्रू ढाळणारी माता. त्या भूमिका खऱ्याच होत्या आणि त्यांचा मान राहू द्यावा. पण कोल्हापूरच्या चित्रपटांचा इतिहास जो कोणी नव्याने लिहील, त्याने १९३५–३६ या वर्षांपाशी थोडे थांबावे. विनायकांच्या हाताखालून पुढे गेलेल्या दिग्दर्शकांची यादी करताना या दोन नावांना नायिकांच्या यादीतून उचलून तिथेही बसवावे. मग त्यांचे तीन चित्रपट शांतपणे पाहावेत, आणि वाईट वाटले तर तसेही लिहावे.