उत्तर आधी सांगू नका

ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात सध्या 'केस स्टडी'चा बोलबाला आहे. विद्यार्थी नोकरीला लायक व्हायचे तर त्यांच्यापुढं प्रत्यक्षातले प्रसंग ठेवा, असं सांगतात. ते बरोबरच आहे. तरुण माणूस गणितात पारंगत होईल, पण व्यवहारातला विवेक अनुभवाशिवाय येत नाही, हे अॅरिस्टॉटलनं केव्हाच सांगून ठेवलंय. प्रसंगाचा अभ्यास हा उसना अनुभव असतो. आमचा आक्षेप आहे तो शिकवण्याच्या रीतीवर.

सांगलीचंच बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात आणि तिथल्या जुन्या नगर वाचनालयातही शिरलं. वर्गात हे कसं शिकवतात? पूर, नुकसान, उपाययोजना, पाच मुद्दे. मुलं ते पाठ करतात. आम्हीही वर्षानुवर्षं असंच शिकवलं, हे कबूल करतो.

त्याऐवजी असं विचारा. पाणी ओसरलंय. दोन-तीन दिवसांत बुरशी धरेल. हाताशी चार माणसं आहेत. आधी काय उचलाल? दाखल नोंदवही, दुर्मीळ ग्रंथ, की रोज मागणी असलेल्या कादंबऱ्या? गुळगुळीत कागदाची पानं वाळताना एकमेकांना चिकटतात, त्यांचं काय कराल? पुस्तकं भर उन्हात पसरणाऱ्या उत्साही मंडळींना न दुखावता कसं थांबवाल? पंचनाम्यासाठी काय लिहून ठेवाल?

आता साताऱ्याकडे या. भिलार २०१७ च्या मे महिन्यात 'पुस्तकांचं गाव' झालं. वर्गात ही यशोगाथा म्हणून सांगतात. पण खरा प्रश्न पुढंच आहे. पुस्तकं लोकांच्या घरांत, आणि महाबळेश्वरच्या बाजूचा तो पाऊस! घरमालक काही आपला कर्मचारी नव्हे. त्याला हुकूम चालत नाही, विनंती करावी लागते. ती कशी करायची, हे कौशल्यच नव्हे काय?

कुणी म्हणेल, सर, मग गुण कशाला द्यायचे? आम्ही म्हणतो, कारणांना द्या. नोंदवही आधी उचलणारा आणि दुर्मीळ ग्रंथ आधी उचलणारा, दोघंही उत्तीर्ण होऊ शकतात. 'का' सांगता न येणारा मात्र नाही.

हा नुसता परीक्षेचा प्रश्न नाही. आपली मुलं उद्या खेड्यातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात जातील. तिथं ग्रंथपाल बहुधा एकटाच असतो. छत गळायला लागलं, की त्याला विचारायला प्राध्यापक नसतो आणि पाच मुद्देही आठवत नाहीत. तेव्हा त्याला स्वतः ठरवावं लागतं. ती सवय आपण वर्गात लावली नाही, तर आपण दिलेली पदवी कोरडी राहील आणि पुस्तकं भिजतील.