'एलीट'च्या बाजारात शंभर क्रेडिट

'एलीट' या संगणकखेळात नवख्या व्यापाऱ्याच्या हाती सुरुवातीला १०० क्रेडिट असतात. सोबत कोब्रा मार्क-३ जातीचे एक यान, त्यात २० टन मालाची जागा, पुढच्या बाजूस एक साधी लेसर तोफ आणि तीन क्षेपणास्त्रे. मुक्काम लेव्ह नावाच्या ग्रहाभोवती फिरणाऱ्या स्थानकात. पुढे काय करायचे ते खेळ सांगत नाही. बाजारभावांचा तक्ता मात्र पडद्यावर येतो, आणि बहुतेक खेळाडूंची पहिली तासभराची धडपड या शंभराचे दोनशे कसे करायचे याच एका प्रश्नाभोवती चालते.

इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबेन या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेला हा खेळ सप्टेंबर १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो या संगणकासाठी बाजारात आला. त्या संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. तेवढ्यात त्यांनी आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले. ते साठवून ठेवले नव्हते. तीन बीजसंख्यांपासून फिबोनाचीच्या श्रेणीसारखी बेरीज करत करत प्रत्येक ग्रहाचे नाव, स्थान, राजवट आणि अर्थव्यवस्था हवी तेव्हा नव्याने काढली जात असे. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून काही शाळांत जे संगणक पोचले ते याच जातीचे होते, हे जुन्या शिक्षकांना आठवत असेल. जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रणालीवर मूळ खेळ आजही चालतो. म्हणूनच त्याच्या बाजाराकडे विज्ञानशिक्षकाच्या नजरेने एकदा नीट पाहावे असे वाटते.

आधी त्याच्या बाजूने बोलू. भाव ठरवण्याची रीत इतकी सोपी आहे की नववीचा विद्यार्थी ती कागदावर करू शकेल. ग्रहांना अर्थव्यवस्थेनुसार ० ते ७ असे क्रमांक आहेत. ० म्हणजे श्रीमंत औद्योगिक ग्रह, ७ म्हणजे गरीब शेतीप्रधान. अन्नाचा भाव काढताना १९ मधून क्रमांकाची दुप्पट वजा करायची आणि उत्तराला ०.४ ने गुणायचे. लेव्हचा क्रमांक ५, म्हणून अन्न ३.६ क्रेडिट टन. शेजारच्या झाओन्स या औद्योगिक ग्रहाचा क्रमांक १, तेथे तेच अन्न ६.८. संगणकांचे उलटे. १५४ मध्ये क्रमांकाची चौदापट मिळवायची, की लेव्हला ८९.६ आणि झाओन्सला ६७.२ येतात. प्रत्येक भेटीत या भावांत थोडी यदृच्छ भर पडते. अन्नात ती फार तर ०.४ असते, फरमध्ये मात्र २५.२ पर्यंत जाते. तूर्त ती शून्य धरू.

आता नवखा व्यापारी काय नेईल? घाईने पाहणारा म्हणेल फर, कारण लेव्हला ५२.४ ना घेऊन झाओन्सला ६६.८ ना विकली तर टनामागे १४.४ क्रेडिट सुटतात आणि अन्नात फक्त ३.२. पण शंभर क्रेडिटांत फर येते एक टन. अन्न ५७.६ क्रेडिटांत सोळा टन येते (पहिल्या भेटीत लेव्हच्या बाजारात तेवढेच असते) आणि नफा ५१.२ होतो. उरलेल्या पैशातून चार टन कापड नेले तर आणखी ६.४. झाओन्सहून येताना दोन टन संगणक आणले, की पहिली फेरी पुरी होते तेव्हा हातात सुमारे दोनशे क्रेडिट असतात. त्यातून इंधन वजा करायचे. ते प्रकाशवर्षामागे २ क्रेडिट, म्हणजे सात प्रकाशवर्षांची पूर्ण टाकी १४ ला.

सहासात फेऱ्यांनंतर चित्र पालटते. वीस टन संगणकांना लागणारे १३४४ क्रेडिट हाती येतात आणि अडचण पैशाची न राहता जागेची होते. आता अन्न नेणे हा तोटा, कारण त्याने अडवलेल्या प्रत्येक टनाच्या जागी फर नेता आली असती. आधी 'क्रेडिटमागे नफा' पाहायचा, मग 'टनामागे नफा'. आणि ही अदलाबदल कधी करायची ते कोणी सांगत नाही, आपली आपल्याला कळते. रसायनशास्त्रात जो अभिकारक आधी संपतो तो उत्पादन किती निघणार हे ठरवतो. शेतात नत्र कमी असेल तर स्फुरदाची पोती ओतून पीक वाढत नाही. हीच गोष्ट फळ्यावर शिकवताना निम्मा वर्ग जांभया देतो. खेळात मुले ती स्वतःहून शोधतात. ४०० क्रेडिट खर्चून मालाची जागा वीसवरून ३५ टन करून घेणे केव्हा परवडते, हा तर त्रैराशिकाचा उत्तम प्रश्न आहे.

लढाईच्या कमाईला नवख्याने फार किंमत देऊ नये. साइडवाइंडर पाडल्याबद्दल ५ क्रेडिट इनाम, मम्बाबद्दल १५, आणि एका क्षेपणास्त्राची किंमत ३०. तोफेने नेम साधत असेल तरच हा धंदा. 'एलीट' ही सर्वोच्च पदवी मिळायला ६४०० शिकारी लागतात, त्यांचा जमाखर्च वेगळा.

विज्ञानशिक्षकांचा अशा खेळांवर नेहमीचा आक्षेप असतो तो गतिशास्त्राचा. यानाचे नाक जिकडे तिकडे ते जाते, वेग कमी केला की निर्वातातही थांबते. न्यूटनचा पहिला नियम धाब्यावर. आक्षेप खरा आहे. १९९३ च्या 'फ्रंटियर' या पुढच्या भागात तो दूरही केला गेला. पण मला तो किरकोळ वाटतो. यान खोटे चालते हे मुलाला सायकल चालवताना, कॅरम खेळताना पडताळून पाहता येते. बाजार खोटा चालतो हे पडताळायला त्याच्याकडे काहीच नसते, म्हणून ती चूक अधिक मुरते.

खोटा कसा ते पाहा. एक गरम आणि एक थंड भांडे तांब्याच्या कांबीने जोडले की उष्णता वाहते, आणि वाहता वाहता दोन्ही भांड्यांचे तापमान जवळ येते. व्यापाराचेही तसेच असते. स्वस्त ठिकाणचा माल उचलला की तेथे तो महागतो, महाग ठिकाणी ओतला की तेथे उतरतो. 'एलीट'मध्ये तुम्ही झाओन्सला शंभर वेळा अन्न ओतले तरी भाव ६.८ चा हलत नाही. तुमच्या खरेदीने तक्त्यातला साठा तेवढ्यापुरता कमी होतो, पण दुसऱ्या ग्रहावर जाऊन परत आलात की सारे पहिल्यासारखे. या बाजाराला स्मरणशक्तीच नाही. दोन अनंत मोठी भांडी, त्यांच्यामध्ये आपण एकटीच कांब, आणि उष्णता कायम एकाच दिशेने वाहते आहे. श्रीमंत होण्यासाठी फक्त फेऱ्या मारण्याचा कंटाळा नसावा, असा धडा यातून मिळतो.

यापेक्षा विचित्र गोष्ट त्या यदृच्छ भरीत आहे. भाव आणि साठा या दोन्हींत एकच यदृच्छ संख्या मिळवली जाते. परिणाम असा, की एखाद्या ग्रहावर माल ज्या दिवशी मुबलक असतो त्याच दिवशी तो महागही असतो! भाजीमंडईत गेलेल्या कोणत्याही मुलाला हे खटकायला हवे. खटकत नाही, कारण तक्त्यावर विश्वास बसलेला असतो.

अमली पदार्थांच्या भावात तर अंकगणितच घसरते. सूत्र २३५ अधिक क्रमांकाची २९ पट असे आहे. क्रमांक ० असेल तर २३५, म्हणजे ९४ क्रेडिट. क्रमांक १ असेल तर २६४ यायला हवेत. पण एका बाइटमध्ये २५५ च्या वर आकडा मावत नाही. स्कूटरच्या मीटरप्रमाणे तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. उरतात ८, म्हणजे ३.२ क्रेडिट. दोन्ही ग्रह औद्योगिक, फरक एका पायरीचा, आणि मूळ भाव ९४ वरून ३.२. याला मागणी-पुरवठ्याचे काही कारण नाही, केवळ बेरीज बाइटमधून सांडली आहे. बारावीच्या विद्यार्थ्यांना द्विमान पद्धत शिकवताना यासारखे उदाहरण मिळणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. भावांच्या तक्त्यात किरणोत्सारी पदार्थ आणि मद्य यांच्यामध्ये एक ओळ आहे : गुलाम. भाव टनात. लेव्हहून झाओन्सला नेल्यास सरासरीने टनामागे ८ क्रेडिट, अन्नाच्या अडीचपट, आणि फरइतके भांडवलही लागत नाही. म्हणजे वर जो 'क्रेडिटमागे नफा' पाहायचा शहाणपणा आपण शिकलो, तोच नवख्याला या ओळीकडे नेतो. हा माल बेकायदा आहे असे खेळ म्हणतो. स्थानकातून बाहेर पडताना दर टन गुलामांमागे तुमच्या नावावर २ गुण चढतात आणि पोलिसांची याने मागे लागू शकतात. वीस टनांचे ४० गुण. पण प्रत्येक नव्या ग्रहावर पोचताच हे गुण निम्मे होतात : ४०, २०, १०, ५, २, १, ०. सहा उड्या आणि तुम्ही स्वच्छ. गुन्ह्याला अर्धायुष्य दिले आहे, आणि तेही कोबाल्ट-६० पेक्षा खूपच कमी.

खेळकर्त्यांना हे गंभीरपणे म्हणायचे असेल असे मी मानत नाही. विशीतल्या दोन मुलांनी चाचेगिरीच्या गोष्टींचे रंग भरले. पण ज्या देशाच्या संसदेला गुलामांचा व्यापार बंद करायला १८०७ साल उजाडावे लागले, त्या देशात तरी ही ओळ कोरडेपणाने लिहिता यायला नको होती. तक्त्यातल्या गुलामाचे अन्न खर्च होत नाही, तो आजारी पडत नाही, उलट प्रतिकार करत नाही. जहाजांच्या नोंदवह्यांत माणसे अशीच आकडा म्हणून लिहिली जात. मुलांना ते तेथे दिसते का, हे विचारायला हवे, आणि ते विचारणारा माणूस वर्गात शिक्षकच असतो. खेळावर बंदी घालून तो प्रश्न सुटणार नाही. तक्ता फळ्यावर लिहून ती ओळ मोठ्याने वाचली तर निदान सुरू होईल.

बाजाराची दुरुस्ती त्यामानाने सोपी आहे. नंतरच्या काळात, २०१४ च्या 'एलीट : डेंजरस'मध्ये, खेळाडूंच्या खरेदीविक्रीने मागणी आणि पुरवठा हलतो. तेवढी यंत्रसामग्री शाळेत नसली तरी वहीच्या पानावर काम भागते. मुलांना एकच नियम वाढवायला सांगावा : लेव्हला विकत घेतलेल्या दर टनामागे अन्नाचा भाव ०.२ ने वाढतो आणि झाओन्सला विकलेल्या दर टनामागे ०.२ ने उतरतो. पहिल्या टनावर ३.२ सुटतात, दुसऱ्यावर २.८, तिसऱ्यावर २.४. नवव्या टनावर काहीच सुटत नाही. सोळा टनांवरचा ५१.२ चा नफा आठ टनांवर आणि अवघ्या १४.४ वर येऊन थांबतो. एका भरलेल्या टाकीला १४ लागतात. मग मुलांना विचारावे की झाओन्सला जायचे का, आणि ज्या व्यापाऱ्याला जाणे भागच आहे तो तक्त्यातल्या कोणत्या ओळीकडे पाहील.