'कॅरी'च्या वाचकांशी भांडण

स्टीफन किंगची 'कॅरी' ही कादंबरी १९७४ साली अमेरिकेत छापून आली. आपल्या पोरांच्या हातात ती आत्ता फिरते आहे. रद्दीवाल्याकडून आणलेली एकच प्रत, तिलाही कव्हर नाही. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनी ब्रायन डी पाल्माचा १९७६ चा सिनेमा पाहिला. आणि मग मतं सुरू झाली. चहाच्या टपरीवर, वाचनालयाच्या पायरीवर. मी सगळ्यांची मतं गुमान ऐकून घेतली. दोस्तहो, आता माझं ऐका.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. मेन राज्यातलं चेंबरलेन गाव. कॅरी व्हाइट ही सोळा वर्षांची पोर, अख्ख्या शाळेच्या टिंगलीचा विषय. घरात धर्मवेडी आई. पाळी म्हणजे काय हे पोरीला ठाऊकच नाही, आणि ती पहिल्यांदा येते शाळेच्या न्हाणीघरात, सगळ्यांसमोर. आपण मरतोय असं वाटून ती किंचाळते. वर्गातल्या पोरी तिच्या अंगावर पॅड फेकत एका सुरात ओरडत सुटतात. हात न लावता वस्तू हलवायची ताकद तिच्यात आहे, टेलिकायनेसिस म्हणतात तिला. पुढे शाळेच्या नाचाच्या रात्री तिला राणी करून मंचावर बसवतात आणि वरून डुकराचं रक्त ओततात. हॉल हसतो. मग ती हॉल जाळते, गाव जाळते, आणि शेवटी स्वतःही मरते. मेलेल्यांचा आकडा चारशेच्या वर.

सगळ्यात जास्त ऐकलेलं मत : "राग बरोबर होता, पण तिनं अति केलं. निरपराध माणसं का मारली?" हे म्हणणाऱ्यांत सिनेमावाले जास्त. त्याला कारण आहे. सिनेमात जी बाई कॅरीची बाजू घेते ती शिक्षिकाही मरते. पुस्तकात ती वाचते, राजीनामा देते, आणि पुन्हा शिकवण्यापेक्षा जीव दिलेला बरा असं म्हणते. म्हणजे सिनेमानं कॅरीला आंधळी केली. पुस्तकात ती आधी फक्त पाण्याचे फवारे सोडायचं ठरवते. ह्यांचे भारी कपडे भिजू देत, एवढाच हिशोब. तिथून आगीपर्यंत जो प्रवास आहे तो किंगनं पायरीपायरीनं लिहिलाय. 'अति' कुठल्या पायरीला सुरू झालं ते ज्यानं त्यानं बोट ठेवून दाखवावं. आणि बोट ठेवताना पहिली पायरी मोजायला विसरू नये, ती न्हाणीघरात आहे.

दुसरं मत, आई दोषी. हे तर फार सोयीचं झालं राव! आई पाळीला पापाची खूण म्हणते, पोरीला कोठडीत कोंडून प्रार्थना करायला लावते, हे खरंच. पण ज्या पोरींनी पॅड फेकले त्या कुठं देवभोळ्या होत्या? त्या नव्या जमान्याच्या, नटलेल्या, मोटारीतून फिरणाऱ्या. जुनं घर म्हणतं हे रक्त पाप आहे, नवी शाळा म्हणते हे रक्त हसण्यासारखं आहे. दोघांच्या मधे पोरगी एकटी. विटाळ हा शब्द इंग्रजीत नसेल, वस्तू आहे. आमच्या बैठकीत एक ताई हे पान वाचून म्हणाली, "विटाळावर भाषण ठोकणाऱ्या किती भावांच्या घरी बहीण चार दिवस कोपऱ्यात बसते ते मोजा आधी." कुणी मोजलं नाही. विषय बदलला.

तिसरी तक्रार, मधेमधे येणारे अहवाल कंटाळवाणे आहेत. मला तोच ह्या पुस्तकाचा जीव वाटतो. किंगनं कादंबरी सरळ सांगितलेलीच नाही. आयोगापुढच्या साक्षी, प्राध्यापकाचा ग्रंथ, वर्तमानपत्रांची कात्रणं, वाचलेल्यांच्या आठवणी. कॅरीवर सगळे बोलतात, आणि जिच्यावर बोलतात ती मेलेली. पंडित मंडळी तिच्या रक्तातलं जनुक शोधतात. दोष तिच्या जन्मात आहे, तिच्या घराण्यात आहे. हसणाऱ्यांच्या रक्तात काय होतं, हा प्रश्न कुठल्याच तज्ज्ञाला पडत नाही. शेवटी आयोग म्हणतो, असं पुन्हा घडेल असं मानायला कारण नाही. त्यानंतर लगेच टेनेसीतल्या एका बाईचं साधंसुधं पत्र येतं. तिच्या घरातली चिमुरडी हात न लावता गोट्या फिरवते आहे. च्यायला, चौकशी आयोगाची भाषा आपल्याला कुणी शिकवायला नको. हे वाचून ज्याला कंटाळा आला त्यानं परत वाचावं.

आणि एक जागा, जी आपल्यापैकी एकाच्याही बोलण्यात आली नाही. याचाच मला जास्त राग आहे. नॉर्मा नावाची एक पोरगी, जी त्या रात्री वाचली, ती नंतर आम्ही का हसलो हे सांगते. लहानपणी तिच्याकडे डिस्नेचं एक गोष्टीचं पुस्तक होतं. त्यात डांबराच्या बाहुल्याचं चित्र. काळं तोंड, मोठाले पांढरे डोळे, गोरे नट तोंडाला काळं फासून निग्रोंची नक्कल करायचे तसं. रक्तानं माखलेल्या कॅरीनं डोळे उघडले तेव्हा नॉर्माला ते चित्र आठवलं, आणि हसू फुटलं. बघा, गोरी पोरगी, आडनावसुद्धा व्हाइट, पण तिला हसायचं तर आधी तिला काळी करावी लागते. काळ्या माणसावर हसायची सवय त्या हॉलमधे घराघरातून आलेली होती, बालवाचनासकट. किंगनं हे मुद्दाम केलं की हातून सहज उतरलं, काय फरक पडतो? पानावर आहे. ब्लॅक पँथरचं नाव घेऊन ज्यांनी इथं १९७२ साली संघटना काढली त्यांच्या मागून आलेले आपण, आणि हे पान आपल्या नजरेतून निसटतं!

स्यू स्नेल बऱ्याच जणांना आवडली. न्हाणीघरात तीही ओरडत होती, मग पस्तावली, आणि प्रायश्चित्त म्हणून आपला मित्र एका रात्रीपुरता कॅरीला दिला. उसना! तिचा पस्तावा खरा आहे, मी नाकारत नाही. मरता मरता कॅरी तिच्या मनात शिरून बघते आणि तिथं तिला कपट सापडत नाही. पण तुला काय हवंय, हे स्यू कॅरीला आधी विचारत नाही. दान देणाऱ्याला हा प्रश्न सुचत नसतो.

किंगनं 'ऑन रायटिंग' ह्या २००० सालच्या पुस्तकात ह्या गोष्टीचं मूळ सांगितलंय. उन्हाळ्यात शाळेत सफाईचं काम करताना, पोरींच्या न्हाणीघराच्या भिंतीवरचे गंजाचे डाग घासताना, जागा डोक्यात बसली. आणि वर्गातल्या दोन पोरी, सगळ्यांनी वाळीत टाकलेल्या, कादंबरी लिहायच्या आधीच मेलेल्या. त्यातली एक दीड वर्ष तेच कपडे घालून यायची. नाताळच्या सुट्टीनंतर ती नवे कपडे घालून, केस करून आली. त्या दिवशी टिंगल कमी झाली नाही, वाढली. कपडे हे कारण कधीच नव्हतं! कोट घातला, इंग्रजी आलं, मग सगळे आपल्यात घेतील असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे दीड पान कादंबरीपेक्षा मोठं आहे.

पण तोच किंग तिथंच लिहितो की कॅरी आपल्याला कधी आवडली नाही, आणि तिला १९९९ च्या कोलंबाइन शाळेत गोळीबार करणाऱ्या पोरांच्या रांगेत बसवतो. हे मला पटत नाही. ती पोरं बंदुका गोळा करून, बेत आखून आली होती. कॅरी घरी शिवलेला झगा घालून नाचायला आली होती.

किंगशी माझं खरं भांडण वेगळं आहे. त्यानं तिला ताकद दिली ती जन्मानं. विचारानं मिळालेली नाही, माणसं जोडून मिळालेली नाही. तिच्या बाजूला उभं राहणारं दुसरं कुणीच नाही, म्हणून तिच्या रागाला जाळण्यापलीकडे रस्ता उरत नाही. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा म्हटलं तेव्हा ही एकटेपणाची आग त्यांना दिसत नव्हती असं थोडंच आहे? आपल्यातल्या दोन पोरांनी मला सांगितलं, "आपल्याकडे अशी पॉवर पाहिजे होती." मी त्यांना म्हटलं, मग टेनेसीतल्या त्या चिमुरडीला कोण सांभाळणार ते लिहा. पुढच्या अंकासाठी दोन-दोन पानं मागितली आहेत. अजून आलेली नाहीत.

प्रत सध्या माझ्याकडे आहे. सिनेमा पाहून मत ठोकणाऱ्यांनी आधी न्यावी. आठवड्यात परत करा, रांग आहे.