कार्ल्याचा हरफरण आणि समरकंदचे सोग्दी : टोपीवरून ओळख की दानावरून?

महाराष्ट्रातील लेण्यांविषयीच्या लेखनात 'रेशीम मार्ग' हा शब्द अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. भिंतीवर टोकदार टोपी दिसली की इराणी, दाढी दिसली की शक आणि हातात पेला दिसला की सोग्दी, अशी ही ओळखपरेड चालते. सोग्दी हे मूळचे आजच्या उझबेकिस्तान व ताजिकिस्तानातील झरफशान नदीच्या खोऱ्यातले, समरकंद-बुखाऱ्याचे इराणी भाषाकुलातील लोक. चौथ्या ते आठव्या शतकांत चीनपर्यंतचा खुष्कीचा व्यापार मुख्यतः त्यांच्या हाती होता. त्यांचा आणि आपल्या डोंगरांतील लेण्यांचा संबंध काय, हा प्रश्न मोलाचा आहे. पण त्याचे उत्तर वेशभूषेत शोधण्याची पद्धत आम्हांस मान्य नाही.

लोणी भापकरचे मल्लिकार्जुन मंदिर, तेथील पुष्करिणी आणि यज्ञवराह यांच्यामुळे बारामती परिसरातील वाचकांना शिल्पाची नजर आहे. ते अवशेष मध्ययुगातले. आपल्या विषयासाठी त्यांच्याही सुमारे हजार वर्षे मागे आणि याच पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, बोरघाटाच्या माथ्यावरील कार्ल्याला जावे लागते. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या चोविसाव्या राज्यवर्षी, हेमंत ऋतूच्या तिसऱ्या पक्षात, दुसऱ्या दिवशी कोरलेला एक लेख तेथे आहे. काळ इसवी सनाचे दुसरे शतक. अबुलामा येथे राहणारा, सेतफरणाचा पुत्र, 'सोवसक' उपासक हरफरण याने नऊ गर्भांचा, म्हणजे नऊ खोल्यांचा मंडप महासांघिकांच्या स्वाधीन केला, चातुर्दिश संघाला दिला. आईवडिलांच्या पूजेसाठी आणि सर्व सत्त्वांच्या हितसुखासाठी दिला, असे त्यात म्हटले आहे.

हरफरण व सेतफरण ही नावे ना संस्कृत, ना प्राकृत. त्यांतील 'फरण' हा घटक इराणी भाषांतील तेज किंवा भाग्य या अर्थाचा शब्द आहे. सोग्दी भाषेत तो 'फर्न' असा येतो. ऑरेल स्टाइनला १९०७ साली दुनहुआंगजवळील एका टेहळणी बुरुजात सापडलेली सोग्दी पत्रे प्रसिद्ध आहेत. चौथ्या शतकाच्या प्रारंभीच्या त्या पत्रांत मिवनाय नावाची स्त्री आपल्याला परमुलखात टाकून गेलेल्या नवऱ्याविषयी लिहिते. त्याच पत्रव्यवहारात फर्नखुंद नावाच्या माणसाचाही उल्लेख येतो. कनिष्क व हुविष्क यांच्या नाण्यांवर याच शब्दाची देवता 'फर्रो' म्हणून उभी आहे. नावांच्या या साखळीत कार्ल्याचा हरफरण सहज बसतो.

मग हरफरण सोग्दी होता काय? येथेच हात आवरला पाहिजे. हा घटक केवळ सोग्द्यांचा नव्हे. शक, पार्थियन, बॅक्ट्रियन अशा अनेकांच्या नावांत तो आहे. तक्षशिलेवर राज्य करणाऱ्या गोंदोफरेसच्या नावात आहे. इतकेच काय, काळ्या समुद्राकाठच्या ओल्बिया नगराकडून खंडणी घेणाऱ्या एका राजाचे नाव सैतफर्नेस होते आणि ते आपल्या सेतफरणाशी कानाला अगदी जवळचे लागते. (याच सैतफर्नेसचा म्हणून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने १८९६ साली एक सुवर्णमुकुट विकत घेतला आणि तो ओडेसाच्या एका सोनाराने घडवलेला नवा दागिना असल्याचे १९०३ साली सिद्ध झाले. नावाला वस्तू चिकटवण्याची घाई विद्वानांनाही महागात पडते.) हरफरणाचे घराणे इराणी भाषिक जगातून आले, एवढे ते नाव सांगते. त्याहून अधिक सांगतो तो लेखाचा उर्वरित भाग. हा माणूस स्वतःची ओळख कुळाने वा देशाने देत नाही. पित्याचे नाव, राहण्याचे गाव आणि 'उपासक' हे पद यांवर तो थांबतो. संकल्पाची भाषा शेजारच्या धेनुकाकटाच्या दात्यांचीच.

धेनुकाकटाच्या यवनांनी कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तंभ दिले. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या पोढी खोदवल्या, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. नाशिकच्या सतराव्या लेण्यात दत्तामित्रीचा उत्तरेकडील योनक इंद्राग्निदत्त आपल्या पित्याचे नाव धम्मदेव आणि पुत्राचे नाव धम्मरक्खित असे सांगतो. पाली वाचकाला येथे मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्त आठवल्याशिवाय राहत नाही. योन-कंबोजांत व इतर सीमावर्ती जनपदांत अय्य आणि दास असे दोनच वर्ण असतात, अय्याचा दास होतो आणि दासाचा अय्य होतो, हे भगवंत आश्वलायनाला दाखवून देतात. जन्माने श्रेष्ठत्व मानणाऱ्या ब्राह्मणापुढे सीमेवरचा समाज पुरावा म्हणून मांडला जातो. पुढे त्याच सीमेकडून आलेली माणसे सह्याद्रीत दाते म्हणून उभी राहतात आणि त्यांच्या दानाचा लेख स्थानिक दात्याच्या लेखाहून वेगळ्या रांगेत कोरला जात नाही. महावंसाच्या परंपरेत तर अपरांतात, म्हणजे सोपाऱ्याच्या किनारपट्टीत, धम्म घेऊन गेलेला थेर धम्मरक्खित हा स्वतःच योनक आहे.

आता अजिंठ्याकडे वळू. पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोपी आणि पट्ट्यांचे मोजे घातलेला, दाढीधारी, पेला हाती घेतलेला पुरुष सेविकांसह बसला आहे. जेम्स फर्ग्युसनने १८७९ साली तो दुसरा खुस्रो असल्याचे मांडले आणि दुसऱ्या पुलकेशीशी त्याच्या झालेल्या संपर्काचा आधार दिला. हे मत पुढे पाठ्यपुस्तकांतून रुजले. परंतु हे लेणे वाकाटक हरिषेणाच्या काळातील, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील असल्याचे आता बहुतेक अभ्यासक मानतात. खुस्रो गादीवर आला तो ५९० साली. शिवाय तेच दृश्य छतावर थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येते, हे राजाच्या व्यक्तिचित्राला साजेसे नाही. ही अलंकरणाची रीत आहे. खुस्रोला बाजूला सारून त्याच जागी 'सोग्दी व्यापारी' बसवण्याचा जो नवा उत्साह दिसतो, तो फर्ग्युसनचीच चूक नव्या नावाने करतो. चित्रकाराने तशी माणसे किंवा तशा माणसांची चित्रे पाहिली होती, इतकेच त्यावरून निघते. सतराव्या लेण्यात भगवंतांचा उपदेश ऐकणाऱ्या समुदायात परदेशी वेशातील माणसे आहेत; आमच्या दृष्टीने ते चित्र छतावरील पेल्यापेक्षा कितीतरी अधिक बोलके आहे.

सोग्द्यांचा प्रत्यक्ष पुरावा हवा असेल तर सिंधूच्या वरच्या खोऱ्यात शतियाल येथे जावे. तेथील खडकांवर शेकडो सोग्दी लेख आहेत. बहुतेकांत केवळ प्रवाशाचे व पित्याचे नाव. एका लेखात नरिसफचा पुत्र ननै-वंदक आपल्याला लवकर मुक्कामी पोहोचून भाऊ सुखरूप दिसावा, अशी याचना करतो. त्याच खडकांवर स्तूपही आहेत आणि शिबीची जातककथाही. भारतात शिरणारी सोग्द्यांची वाट ती हीच.

ही वाट भारतात संपत नव्हती. कांग सेंग-हुई या भिक्खूच्या चिनी चरित्रात त्याचे घराणे मूळचे समरकंदकडचे, पण कित्येक पिढ्या भारतात राहिलेले असल्याचे म्हटले आहे. पिता व्यापारासाठी आजच्या उत्तर व्हिएतनाममधील ज्याओझी येथे गेला. आईवडील वारल्यावर मुलगा प्रव्रजित झाला, २४७ साली वू राज्याच्या राजधानीत, आजच्या नानजिंगमध्ये पोहोचला आणि २८० साली वारला. समरकंद, भारत, दक्षिण समुद्र, चीन असा हा मार्ग नकाशावरील वाळवंटी रेषेत मावत नाही. खुष्की आणि जलमार्ग यांना वेगळे कप्पे करणारे लेखन अशा घराण्यांना कोठे ठेवणार?

आणखी एक विसंगती आपल्याकडे फारशी ध्यानात घेतली जात नाही. चीनमध्ये धम्मग्रंथांची भाषांतरे करणाऱ्या सोग्द्यांच्या स्वतःच्या समरकंदमध्ये इ. स. ६३०च्या सुमारास ह्युएन त्संगाला अग्निपूजक लोक आणि दोन ओस विहार दिसले. त्याच प्रवाशाने काही वर्षांनी महाराष्ट्रात शंभरावर संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचे नोंदवले. धम्म व्यापाऱ्यांबरोबर गेला हे खरे. मात्र तो त्यांच्या घरी मुक्कामाला राहिलाच असे नव्हे. परदेशी वसाहतीत, पांथस्थ अवस्थेत, नावाशेजारी 'उपासक' लिहिण्याची गरज अधिक भासत असावी, असा आमचा तर्क आहे आणि हरफरणाचा लेख त्याला अनुकूल आहे.

तौलनिक काम करायचेच तर ते ग्रंथ व चित्र यांच्यामध्ये व्हावे. दुनहुआंगच्या हस्तलिखितांत वेस्संतर जातकाचे एक दीर्घ सोग्दी रूप मिळाले. गोतियोने ते १९१२ साली आणि बेनवेनिस्तने १९४६ साली संपादून छापले. तेथे राजपुत्राचे नाव सुदाशन आहे आणि कथानक पाली जातकाशी सर्वत्र जुळत नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हीच कथा भिंतभर रंगवलेली आहे. पाली अट्ठकथा, सोग्दी पाठ आणि ती भिंत प्रसंगवार शेजारी मांडून पाहणारा मराठी अभ्यास आमच्या वाचनात अद्याप आलेला नाही.