टेस्ला, हेलियम आणि वाशिम : एम.आर.आय. यंत्रणेच्या निवडीची चिकित्सा

चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमाकरणाच्या, म्हणजेच एम.आर.आय.च्या यंत्राची पारख आपल्याकडे बहुधा दोन आकड्यांवर होते : क्षेत्र किती टेस्ला आणि किंमत किती कोटी. २०२४ मध्ये वाशिम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा संस्थेसाठी यंत्र निवडताना हे दोन्ही निकष अपुरे आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१.५ टेस्लाच्या यंत्राचा गाभा म्हणजे नायोबियम-टायटॅनियम तारेचे वेटोळे. ते अतिसंवाहक राहावे म्हणून उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवतात. पारंपरिक यंत्रास हे हेलियम हजार लिटरहून अधिक लागते आणि भारतास ते आयात करावे लागते. शीतकयंत्रास वीज मात्र अहोरात्र हवी, रुग्ण असो वा नसो. ज्या विदर्भाने भारनियमनाची वर्षे काढली, त्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

फिलिप्स कंपनीने २०१८ मध्ये अवघे सात लिटर हेलियम कायमचे बंदिस्त केलेला चुंबक आणला. त्याचे कौतुक योग्यच; तथापि त्याची दुसरी बाजू क्वचितच मांडली जाते. हेलियमचा मोठा साठा हा शीतक बंद पडल्यानंतरचा आधारही असतो. साठा घटला की ही सवड घटते, आणि शीतकाची निगा व अखंड वीज यांचे महत्त्व वाढते. २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ०.०६४ टेस्लाचे फिरते यंत्र साध्या विद्युतजोडणीवर चालते खरे, परंतु ते केवळ मेंदूच्या तपासणीसाठी आहे. मणक्याच्या वा गुडघ्याच्या रुग्णास त्याचा उपयोग नाही.

देशी प्रयत्नांत मुंबईच्या 'समीर' संस्थेच्या पुढाकाराने विकसित होत असलेल्या १.५ टेस्ला यंत्राच्या चाचण्यांसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला. त्याहून आपल्या जवळचे उदाहरण चंद्रपूरचे. बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स कंपनीने द्रवरूप हेलियमवरील अवलंबित्व टाळणारे आपले यंत्र तेथील कर्करोग रुग्णालयात बसविले. ते बरेच स्वस्त असल्याचे कंपनी सांगते. मात्र निर्मात्याचे सांगणे म्हणजे पुरावा नव्हे. यंत्र वर्षातून किती दिवस बंद राहिले, दुरुस्तीस अभियंता किती दिवसांत पोहोचला, ही नोंद खरेदी-किमतीपेक्षा अधिक बोलकी असते. आपल्या निविदांत तिला दुय्यम स्थान मिळते. चंद्रपूरचा उन्हाळा ज्या यंत्राने काढला, त्याच्या नोंदी वाशिमने निविदा काढण्यापूर्वी मागवाव्यात.