नायक नसलेलं चित्र

एकाच प्रथिनाची ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. पहिलं १९८१चं, दुसरं १९९४चं. दोन्ही ‘नेचर’ या नियतकालिकात आली आणि दोन्हींमागे डॉन वायली आणि जॉन स्केहेल हे संशोधक होते. प्रथिन हिमॅग्लुटिनिन, म्हणजे फ्लूच्या विषाणूच्या अंगावरचा काटा. तोही १९६८च्या हाँगकाँग साथीतला. विषाणूवरून तो अलगद सोडवला अननसातल्या ब्रोमेलेन या विकराने.

पहिलं चित्र कमालीचं शांत आहे. तीन सारखे घटक एकमेकांना बिलगून उभे, उंची सुमारे १३.५ नॅनोमीटर. वर तीन गोल माथे. पेशीवरच्या सायलिक आम्लाला धरायचं काम त्यांचं. पण नजर खाली दांड्याकडे न्यावी. तिथे वीसेक अमिनो आम्लांचा एक तुकडा तिघांच्या मध्ये दडून बसला आहे. त्याला पाणी नको, चरबी हवी. पेशीपटलात रुतणारा भाला हाच, आणि तो म्यानात आहे. त्याच दांड्यात साखळीचा एक सैल वळसा दिसतो. पहिल्या वाचनात तो भरतीचा वाटतो. १९९३ साली कार आणि किम या संशोधकांनी तेवढ्याच भागाचा अभ्यास करून दाखवलं, की त्याचा मूळ ओढा मळसूत्र होण्याकडे आहे. म्हणजे शांत वाटणारं ते चित्र खरं तर दाबून धरलेली स्प्रिंग होतं.

ती सोडतं आम्ल. पेशी विषाणूला एका इवल्या पिशवीत घेते आणि पिशवी हळूहळू आंबट करत नेते. सामू ५ ते ६च्या दरम्यान उतरतो. आत घेतलेलं पचवण्याची ही पेशीची रोजची रीत. विषाणू तिलाच इशारा मानतो. प्रोटॉन चिकटतात, माथे फाकतात, वळशाचं मळसूत्र होतं आणि भाला सुमारे १० नॅनोमीटर वर जाऊन पिशवीच्या पटलात रुततो. मग दांड्याचा खालचा भाग उलटा दुमडतो. विषाणूचं पटल आणि पिशवीचं पटल ओढली जाऊन एकजीव होतात, भोक पडतं, जनुकांना वाट मिळते. बाहेरून इंधन लागत नाही. सगळा जोर घडीतच साठवलेला. आणि ही उडी एकदाच. समोर पटल नसताना आम्ल लागलं, तर काटा वाया जातो.

दुसरं चित्र या उडीनंतरचं. त्यात लांबच लांब मळसूत्र आहे, उलटा दुमडलेला दांडा आहे, पण भालाच नाही! आम्लात उघडे पडलेले भाले एकमेकांना चिकटून गुच्छ करतात. मग ज्यावरून चित्र काढायचं, तो स्फटिक मिळणार कसा? म्हणून संशोधकांना तो तुकडा विकराने छाटावा लागला. नायक गाळूनच नायकाची उडी चितारावी लागली. तरीही साखळीचं कापलेलं टोक बघावं: पहिल्या चित्रात खाली असलेलं ते आता वर, पटलाच्या दिशेने आहे. न दिसणारा भाला कुठे गेला, हे तेवढ्यावरून उमगतं. मला या जोडचित्रातली सर्वांत सुंदर जागा हीच वाटते.

या वाचनाचं मोलही मोठं आहे. माथे दरवर्षी रूप पालटतात. दांडा फारसा बदलत नाही, कारण उडी त्यालाच मारायची असते. २००९ साली दांड्याला घट्ट धरणाऱ्या एका मानवी प्रतिपिंडाची रचना उलगडली. ते काट्याला पहिल्या चित्रातच रोखून धरतं. भोवती आम्ल येतं, पण म्यान उघडत नाही.